आईच्या लाल आठशेचं पॉलिश : कामाच्या नोंदी

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

दिवाळीचे पाहुणे गेले, पाऊसही संपला. सकाळी गाडी अंगणात घेतली आणि दोन बादल्या करून धुतली. एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. मग उन्हात उभी करून चारी बाजूंनी नीट पाहिली.

मारुती ८००, २००५ सालची, लाल. आईने ती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घेतली, तेव्हाच चालवायला शिकली आणि निवृत्त होईपर्यंत रोज शाळेला हिच्यातूनच गेली. कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये हे मॉडेल बंद केलं, पण आमच्या घरात ‘गाडी’ म्हटलं की अजून हीच. इंजिन ठणठणीत आहे. रंगाकडे मात्र कुणी लक्ष दिलेलं नाही.

टप उन्हाने गुलाबी पडलाय. बोट फिरवलं की बोटाला खडूसारखी लाल भुकटी लागते. दारं लालच आहेत, पण मलूल. बॉनेटची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये पुढून धक्का बसला होता, तेव्हा बॉनेट आणि उजवं फेंडर रंगवून घेतलं होतं. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश करून घेतलं. आणली तेव्हा सावलीत झकास दिसली. दुसऱ्या दिवशी उन्हात काढली तर बॉनेटभर धनुष्यासारखे चट्टे, मान हलवली की सरकणारे. मळलेला वूल पॅड, म्हणजे लोकरीची गादी, एकाच आसावर गरगर फिरणाऱ्या रोटरी मशीनवर चालवला की असे चट्टे उठतात. ते अजून तसेच आहेत.

पूर्ण गाडी रंगवून घ्या, असं तिघांनी सांगितलं. मला ते करायचं नाही. टप आणि दारांवर कारखान्यातला मूळ रंग आहे. तो परत आणता आला तर नव्या रंगाची गरज नाही, आणि एकदा तो खरवडून काढला की पुन्हा कुठून आणणार?

कामाला हात घालण्याआधी एक साधी तपासणी केली. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं बारीक पॉलिश घेऊन मागच्या दारावर दहा-बारा वेळा घासलं. फडकं लाल झालं. म्हणजे इथे रंगावर लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नाही, वरपासून खालपर्यंत नुसता रंग. तेच बॉनेटवर केलं, तर फडकं राखाडी झालं, लाल अजिबात नाही. म्हणजे बॉनेटवर लॅकर आहे. एकाच गाडीवर दोन तऱ्हेचे रंग, तेव्हा दोघांना पॅड वेगळे लागणार, हे आजच लिहून ठेवते.

बुधवार, १३ नोव्हेंबर

मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे. रंगकामाच्या थराची जाडी मोजायचं गेज आमच्याकडे असतं, ते साहेबांना विचारून एका रात्रीपुरतं घरी आणलं. जेवणानंतर आईने वही धरली, मी आकडे सांगत गेले.

टप : ८८ ते १०४ मायक्रॉन. चारी दारं : ९२ ते ११५. डिकी : ८५ ते ११०. बॉनेट : २१० ते २४०. उजवं फेंडर : बहुतेक ठिकाणी १९०, पण चाकाच्या वरच्या कमानीशी ८०० च्या पुढे. तिथे लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. बंपर प्लॅस्टिकचे, त्यावर हे गेज चालत नाही.

साधारण शंभर मायक्रॉन म्हणजे मूळ रंग, प्रायमर धरून. माणसाचा केसही एवढाच जाड असतो. त्यातला वरचा मेलेला थर तेवढा काढायचा आणि खालचा जिवंत रंग शिल्लक ठेवायचा. आईने आकडे पाहून विचारलं, “म्हणजे दर वर्षी पॉलिश केलं तर एक दिवस पत्राच लागेल?” लागेल. म्हणूनच जे काम सर्वांत मऊ पॅडने होईल ते त्याच पॅडने करायचं, कडक पॅडला हात लावायचा नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

मशीन कोणतं घ्यायचं यात आठवडा गेला. चार पर्याय पाहिले.

पहिला भावाचा. “घरात ग्राइंडर आहे की, त्यालाच वेल्क्रोची तबकडी लाव.” अशा तबकड्या दुकानात मिळतात, त्यामुळे हे डोक्यात येतंच. पण चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो आणि पॉलिशचं रोटरी मशीन ६०० ते ३००० च्या आसपास चालतं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, पण आटेही वेगळे, ग्राइंडरचे एम १० आणि पॉलिशरचे एम १४. अकरा हजारावर फोम क्षणात तापतो आणि रंग त्याच्याही आधी. हा पर्याय इथेच बंद.

दुसरा, दोन हातांनी धरायचं नऊ-दहा इंची वॅक्सर, टॉवेलच्या कापडाची टोपी घातलेलं. स्वस्त आहे, हलकं आहे, ऑनलाइन सगळीकडे दिसतं. वॅक्स पसरायला ठीक. पण त्याची ताकद इतकी कमी की ओरखडे काढणं त्याला जमत नाही. थोडं दाबलं की थांबतं. नवी गाडी असती आणि नुसतं वॅक्स लावायचं असतं, तर मी हेच घेतलं असतं.

तिसरं रोटरी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे पेंटरकाका तीस वर्षं हेच चालवतात. त्यांच्या हाताखालून निघालेला पत्रा मी पाहिलाय, एक चट्टा नसतो. रोटरीत पॅड एकाच आसावर गरगर फिरतो, सगळी ताकद एका दिशेने लागते. त्यामुळे काम झपाट्याने होतं, पण उष्णताही एका जागी साचते. कडेवर किंवा पत्र्याच्या उभारीवर दोन सेकंद जास्त थांबलं की रंग गेला. ते मशीन हातात बसायला वर्षं जातात, आणि मी तो हात आईच्या गाडीवर बसवणार नाही.

चौथं ड्युअल अ‍ॅक्शन, दुकानदार डीए म्हणतात. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी एका छोट्या वर्तुळात घुमतोही. पिठाच्या गिरणीतल्या चाळणीसारखं. स्वतःभोवतीचं फिरणं मोटर लादत नाही, ते मोकळ्या बेअरिंगवर होतं. म्हणून जास्त दाबलं की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. काम होत नाही, पण रंगही जळत नाही. शिकणाऱ्यासाठी याहून मोठा आधार नाही.

डीएमध्ये मग पुन्हा प्रश्न, थ्रो किती? थ्रो म्हणजे त्या छोट्या वर्तुळाचा व्यास. जुन्या पद्धतीची मशीन ८ मिमीची, मधली १५ मिमी, मोठी २१ मिमी. इटलीच्या रुपेस कंपनीने १५ आणि २१ ची मशीन आणली आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनी तोच माप धरला. २१ मिमीचं मशीन सहा इंची प्लेटवर (पॅड जिला चिकटतो ती तबकडी) चालतं आणि मोठ्या सपाट पत्र्यावर भराभर काम उरकतं. पण आठशेला मोठा सपाट पत्रा आहेच कुठे? वळणावर लांब थ्रोचं मशीन लगेच अडतं. जर्मनीच्या फ्लेक्सचं एक मशीन ८ मिमी थ्रोचं असून गिअरने पॅड फिरवतं, ते दाबलं तरी अडत नाही. पण ते जास्त तापतं, थरथरतंही जास्त, आणि माझ्या बजेटबाहेर आहे.

१५ मिमी, पाच इंची प्लेटचं घेतलं. साडेनऊ हजार. मशीन कोणत्या कंपनीचं यावर मी फार डोकं लावलं नाही. तीन गोष्टी पाहिल्या : सहा टप्प्यांचा वेग, हळू सुरू होणारी मोटर आणि बदलता येणारी प्लेट. बाकीचे पैसे पॅडसाठी राखून ठेवले.

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी सातला आईला घेऊन मतदान करून आले आणि दिवसभर गाडीचं अंग साफ केलं.

धुतलेल्या दारावर प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवला तर खरखर लागली, रव्यावरून हात फिरवल्यासारखी. आमच्या गल्लीच्या मागेच वर्कशॉप आहेत. ग्राइंडिंगची लोखंडी कीस हवेतून येते, गाडीवर बसते आणि तिथेच गंजते. आयर्न रिमूव्हर फवारला. मिनिटभरात लाल दारावरून जांभळे ओघळ उतरायला लागले, शाई सांडल्यासारखे. ते औषध लोखंडाशी मिळालं की जांभळं होतं. वास मात्र सडक्या अंड्याचा, आईने खिडक्या लावून घेतल्या. सुकू न देता पाण्याने धुऊन टाकलं.

मग क्ले बार. शाम्पूच्या पाण्याने पत्रा निसरडा ठेवायचा आणि क्लेची वडी हलक्या हाताने सरकवायची. सुरुवातीला वडी अडखळते, मग आवाज बदलतो आणि एकदम गुळगुळीत सरकते. वडीची घडी घालून स्वच्छ बाजू वर आणत राहायचं. एक वडी फरशीवर पडली, ती फेकून दिली. दोनशे रुपये गेले याचं वाईट वाटलं, पण त्या वडीला चिकटलेला वाळूचा एक कण सगळ्या दाराला ओरखडा काढतो.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज पॅडचा दिवस. मशीनपेक्षा जास्त वाचन मी यावर केलंय.

आधी रंगाचा घोळ. पिवळा पॅड म्हणजे काय? अमेरिकेच्या लेक कंट्रीचा पिवळा फोम कटिंगचा, म्हणजे कडक. मेग्वायर्सचा पिवळा मधला, पॉलिशिंगचा. आणि रुपेसचा पिवळा मऊ, फिनिशिंगच्या जवळचा. त्यांच्याकडे कडक निळा आणि मधला हिरवा. तीन कंपन्या, तीन पिवळे, तिघांचं काम निरनिराळं. दुकानात “पिवळा पॅड द्या” म्हणून चालत नाही. ज्या कंपनीचे घ्याल तिचाच तक्ता बघावा आणि शक्यतो सगळे एकाच कंपनीचे घ्यावेत. आणि शेवटी बोटाने दाबून पाहावं. कडक फोम पटकन उसळून वर येतो, फिनिशिंगचा फोम रव्याच्या गरम शिऱ्यासारखा दबतो.

साहित्य चार तऱ्हेचं. वूल, म्हणजे मेंढीची लोकर, सर्वांत जास्त कापते आणि मागे चट्टे ठेवते. मायक्रोफायबरचे पॅड डीएवर चांगले कापतात, पण धुरकट थर ठेवतात, तो पुन्हा फोमने काढावा लागतो. कडक आणि मधला फोम रोजच्या कामाचा. आणि मऊ फोम शेवटच्या चकाकीला आणि वॅक्सला.

मापाचंही एक गणित आहे. प्लेट पाच इंची, तर पॅड साडेपाच. पॅड प्लेटबाहेर थोडा आला पाहिजे, नाहीतर प्लेटची कडा रंगाला लागते. पण फार मोठा घेतला की मशीन तो फिरवू शकत नाही. जाड फोमपेक्षा पातळ बरा. जाड फोम मशीनची हालचाल स्वतःच्या पोटात जिरवतो, रंगापर्यंत ती पोचत नाही. मशीनला तीन इंची प्लेट लावून छोटं काम करावं असा माझा विचार होता. पण आतलं वजन पाच इंची प्लेटच्या हिशोबाने बसवलेलं असतं, लहान प्लेटवर मशीन नुसतं हादरतं. त्यामुळे काचेच्या खांबांसाठी तीन इंची पॅड ड्रिलला लावायचं ठरवलं. ड्रिल म्हणजे छोटं रोटरीच, तेव्हा सर्वांत हळू वेग आणि सर्वांत मऊ पॅड.

घेतलेले पॅड : मधला फोम चार, मऊ फोम दोन, मायक्रोफायबर दोन, वॅक्ससाठी वेगळा मऊ एक, तीन इंची मऊ दोन. मधले चार कशाला, असं आईने विचारलं. एक पॅड एक-दोन पत्रे करून तापतो आणि भरतो. तापलेला फोम लिबलिबीत होतो, कापत नाही. तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा.

दुपारी मागच्या डाव्या दारावर दीड फुटाचा चौकोन टेप लावून आखला. मऊ पॅड आणि बारीक पॉलिश, आडवे-उभे मिळून सहा फेरे. चमक आली, बारीक ओरखड्यांची जाळी तशीच. मग मधला पॅड, पॉलिश तेच. पुसल्यावर मी टॉर्च खाली ठेवली आणि आईला हाक मारली. टेपच्या आत लाल होतं, टेपच्या बाहेर विटकरी. जाळी जवळजवळ गेलेली. दोन खोल ओरखडे उरले, ते राहू देणार. त्यांच्यासाठी मी दहा मायक्रॉन घालवणार नाही.

दारांचं आणि टपाचं औषध ठरलं : मधला फोम, बारीक पॉलिश. कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं भरड पॉलिश, लागणार नाही.

रविवार, १ डिसेंबर

टप. सकाळी सात ते साडेअकरा, ऊन चढायच्या आत.

काल रात्री टपावर तेलकट ग्लेझ हाताने चोळून रात्रभर तसंच ठेवलं होतं. लॅकर नसलेला जुना रंग कोरडा पडलेला असतो, तेल मिळालं की जरा मऊ होतो आणि घासताना कमी उडतो. सकाळी पुसलं तेव्हाच टप एक छटा गडद झाला होता.

प्लेटच्या कडेला काळ्या मार्करने एक रेघ मारली. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली, नुसती थरथरली, की समजायचं दाब जास्त झाला किंवा पॅड तिरका धरलाय. ही रेघ मी साडेचार तास पाहत होते आणि तिने मला मशीन शिकवलं. सुरुवातीला दर वळणावर थांबायची. मग कळलं, मशीन पत्र्यावर सपाट बसवायचं आणि त्याच्या वजनावर तळहाताचं थोडंच वजन द्यायचं.

नवीन पॅडला पहिल्यांदा पॉलिश बोटाने सगळीकडे चोळून घेतलं, पुढे दर चौकोनाला वाटाण्याएवढे चार थेंब. वेग एकवर पसरायचं, मग चारवर काम. हात सेकंदाला एक इंच, त्याहून भराभर नाही. हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात हात आपोआप पळतो. आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. “हळू. भाजी चिरतेस तशी पळू नकोस.” तीन वेळा म्हणाली.

पहिल्या चौकोनानंतर पॅड उलटा केला तर तो रक्तासारखा लाल. मेलेला रंग सगळा पॅडवर. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडावा लागला. नाही झाडला तर तीच भुकटी पुढच्या चौकोनावर घासली जाते आणि नवे ओरखडे पडतात. दोन पॅड टपावरच भरले. कंपनीतून आणलेलं इन्फ्रारेड थर्मामीटर लावून पाहिलं : काम सुरू करताना पत्रा २४ अंश, सहा फेऱ्यांनंतर ३३. हाताला कोमट. डीए घेतल्याचं समाधान इथे वाटलं.

शेवटी तीन भाग पाणी आणि एक भाग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फवारून पुसलं. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून ते लपवतं, तेल पुसल्यावरच खरा पत्रा दिसतो. तेल पुसलं तरी टप लालच राहिला. समोरच्या बाल्कनीचे गज टपात स्पष्ट दिसत होते. आई उठून आली आणि काही न बोलता तळहात फिरवून बघितला.

शनिवार-रविवार, ७ आणि ८ डिसेंबर

शनिवारी चारी दारं. सांगण्यासारखं काही नाही, हात बसलाय. टपापेक्षा रंग कमी मेलेला होता, चार फेऱ्यांत काम झालं. हँडलभोवतीच्या नखांच्या ओरखड्यांना हाताने, बोटावर फडकं गुंडाळून. काचेच्या खांबांना ड्रिल आणि तीन इंची पॅड.

रविवारी बॉनेट. इथे दारांचं औषध लागू पडलं नाही. मधला फोम आणि बारीक पॉलिश, आठ फेरे, तरी ते धनुष्याचे चट्टे जागच्या जागी. लॅकर कडक आहे. मग मधला फोम आणि कंपाउंड : निम्मे गेले. मायक्रोफायबर आणि कंपाउंड : सगळे गेले, पण बॉनेट दुधाळ झालं. तो मायक्रोफायबरचा स्वभावच. त्यावर मऊ फोम, बारीक पॉलिश, वेग तीन. दुधाळपणा उतरला आणि खाली नितळ लॅकर निघालं. दोन टप्प्यांत चार तास लागले. बॉनेट २१० च्या वर आहे म्हणून एवढं धाडस केलं. मूळ रंगावर हे औषध मी केलं नसतं.

एक फसगत इथेच झाली. मायक्रोफायबरचा पॅड सलग चालवला, बदलला नाही. चौथ्या चौकोनाला मशीनचा आवाज बदलला. उचलून पाहिलं तर पॅडची वेल्क्रो मधोमध फोमपासून सुटलेली. उष्णता पॅडच्या मध्यात साचते, बाहेरून कळत नाही, आणि गोंद वितळतो. एक पॅड वाया. पॅडला मध्ये भोक का असतं याचं उत्तर मला हातात मिळालं.

संध्याकाळी पेंटरकाका चहाला आले. बॉनेटवर तिरकं वाकून दोन मिनिटं पाहिलं. “ताई, चट्टं गेलं की वो सगळं. वेळ लई लागला असंल.” मग फेंडरच्या कमानीवर बोट ठेवून म्हणाले, “हितं मात्र मशीन लावू नगा. लांबी हाय खाली, तापली की फुगंल.” तिथे हातानेच केलं.

शनिवार, १४ डिसेंबर

डिकी. चूक माझीच, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्या उभारींवर आणि कडांवर मी टेप लावत आले होते. डिकीच्या खालच्या कडेला लावला नाही, कारण तिथे टेप चिकटत नव्हता आणि काम शेवटचं होतं. दुसऱ्याच फेऱ्यात पॅडची कड त्या धारेवर आली. पुसलं तर दोन सेंटीमीटर लांब, नखाएवढी रुंद राखाडी रेघ. प्रायमर. कडेवर रंग मुळातच पातळ असतो, ओला रंग धारेवरून ओसरतो. गेज धारेवर नीट बसत नाही, त्यामुळे तिथला आकडा माझ्याकडे नव्हता. जिथे आकडा नाही तिथे मशीन न्यायलाच नको होतं.

आईला आत जाऊन सांगितलं. ती बाहेर आली, चष्मा लावून पाहिलं. “ही दिसते? मला तर शोधावी लागली,” म्हणाली आणि आत गेली. मला मात्र दिवसभर तेवढीच दिसत होती.

पेंटरकाकांनी सोमवारी बारीक ब्रशने टचअप करून दिलं. दारावरच्या पॉलिश केलेल्या लाल रंगाशी जुळवून घोटला, जुन्या फिक्या रंगाशी नाही. पैसे घ्यायला तयार नव्हते.

रविवार, २२ डिसेंबर

टचअप वाळायला आठवडा दिला. आज वॅक्स.

कार्नोबा घेतलं, पेस्टमधलं. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर हा मेणाचा थर असतो, पानं वाळवून तो झाडून घेतात. ऐंशी अंशांच्या वर तो वितळतो, इतर मेणांपेक्षा खूप उशिरा. कृत्रिम सीलंट जास्त टिकतं हे खरं. पण जुन्या लाल रंगावर कार्नोबा जो ओलसर गडदपणा देतं तो मला दुसऱ्या कशात दिसला नाही. आणि ही गाडी आता पावसात उभी राहत नाही.

वॅक्सचा पॅड वेगळा, पॉलिशला न लावलेला. वेग एक, दाब नाही. थर इतका पातळ की पत्र्यावर श्वास सोडल्यासारखा दिसावा. टपाचा अर्धा भाग मशीनने लावला, अर्धा हाताने. पुसल्यावर दोन्हींत डोळ्याला फरक नाही. पण हाताने लावलेल्या बाजूला वॅक्स जवळजवळ दुप्पट गेलं आणि पुसायला दंड भरून आला. तेव्हा बाकीची गाडी मशीननेच.

पंधरा-वीस मिनिटांनी बोट ओढून पाहायचं. बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली की पुसायला घ्यायचं, चिकट माखलं तर अजून थांबायचं. डिसेंबरची हवा, पंचवीस मिनिटं लागली. मायक्रोफायबरच्या फडक्यांची लेबलं आधी कात्रीने कापून टाकली होती, त्या शिवणीनेही ओरखडा पडतो.

रविवार, १२ जानेवारी २०२५

तीन आठवड्यांनी पहिली धुलाई. पाणी टपावर थांबत नाही, गोळे होऊन पळतं. बॉनेटवर आणि दारांवर चमक सारखी दिसते, हे मला सर्वांत अवघड वाटलं होतं. फेंडरची कमान जरा मागे आहे, ती तशीच राहील.

पॅड कोमट पाण्यात साबण घालून, पिळून नव्हे तर दाबून धुतले आणि सावलीत वाळवले. मधले चारही परत वापरता येतील, पण त्यांचा लाल रंग काही निघत नाही. मऊ दोन नव्यासारखे. मायक्रोफायबर एक शिल्लक, एक गेला. तीन इंची एका पॅडची कड खांबाच्या रबराला लागून फाटली. वॅक्सचा पॅड वेगळ्या डब्यात, झाकणावर नाव लिहून. मशीनवर पॅड लावून ठेवायचा नाही, वजनाने फोम बसतो. हे भावालाही सांगून ठेवलंय, कारण पुढच्या महिन्यात तो त्याची गाडी आणणार आहे. काळी आहे. तिच्यासाठी मऊ फोम अजून दोन लागतील.

फेरवाचन करताना एक हिशोब केला. काल परत गेज आणलं होतं. टप सरासरी ९५ होता, आता ९२. दारं एक-दोन मायक्रॉनने कमी, तेवढा तर गेजचाही फरक असतो.

अकरा वाजता आई साडी बदलून आली आणि किल्ली मागितली. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींचं रंकाळ्यावर भेटायचं ठरलं होतं. मी म्हटलं, मी सोडते. “नको, मीच नेते. त्यांना बघू दे,” म्हणाली. फाटक उघडून दिलं. वळणावर ऊन टपावर पडलं तेव्हा तिने हॉर्न वाजवला.